मालकीचा प्रत्यय : काही तुर्की ग्रंथनामांच्या निमित्ताने

नाझिम हिकमेत या तुर्की कवीने १९४१ साली बुर्सा येथील तुरुंगात एक दीर्घकाव्य लिहावयास घेतले. त्याचे नाव 'मेमलेकेतिमदेन इन्सान मान्झारालारि'. इस्तंबूलच्या हैदरपाशा रेल्वे स्थानकाच्या पायऱ्यांवर ते सुरू होते आणि तेथून सुटणाऱ्या गाडीच्या तिसऱ्या वर्गात बसलेली साधीसुधी माणसे एकामागून एक आपल्यासमोर येत जातात. नावाचा सरळ अर्थ 'माझ्या देशातून, माणसांची दृश्ये' असा आहे. या काव्यातील निवडक भाग १९८२ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाला, तेव्हा त्याचे नाव नुसते 'ह्यूमन लँडस्केप्स' असे ठेवण्यात आले. 'माझ्या देशातून' हा पहिला शब्दच गळाला. २००२ साली संपूर्ण भाषांतर निघाले तेव्हा तो परत आला. मधली वीस वर्षे इंग्रजी वाचकाने 'माणसांची दृश्ये' पाहिली. ती कोणाच्या देशातली आणि तो देश कोणाचा, हे नावावरून त्याला कळले नाही.

ही चूक किरकोळ म्हणून सोडून द्यावी असे आम्हांस वाटत नाही. गळालेला शब्द हा त्या नावाचा कणा होता आणि त्या शब्दाचाही सारा जीव त्याच्या शेवटच्या दोन प्रत्ययांत होता. ओरहान पामुक यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यापासून तुर्की कादंबऱ्या आपल्याकडील ग्रंथालयांत दिसू लागल्या. मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी त्या इंग्रजीतूनच वाचल्या. इंग्रजीला प्रत्ययांचे ओझे फारसे नाही. त्यामुळे तुर्की शब्दाचे मूळ ती प्रामाणिकपणे उचलते आणि शेपूट वाटेत सोडून देते. तुर्कीत तर नात्याची, मालकीची, जवळिकीची आणि दुराव्याची सगळी गोष्ट शेपटातच असते. मराठी वाचकाचा कान या बाबतीत इंग्रजी वाचकापेक्षा अधिक तयार आहे, पण त्याचा उपयोग आपण करून घेत नाही, असे आमचे म्हणणे आहे. ते चार-पाच ग्रंथनामांवरून मांडतो.

आधी थोडे व्याकरण. (तुर्कीतील आठ स्वरांपैकी तिघांना देवनागरीत नेमके चिन्ह नाही, म्हणून येथील लेखन अदमासाचे समजावे.) 'एव' म्हणजे घर. 'एवलेर' म्हणजे घरे. 'एवलेरिमिझ' म्हणजे आमची घरे आणि 'एवलेरिमिझदेन' म्हणजे आमच्या घरांतून. क्रम पक्का ठरलेला आहे : आधी नाम, मग अनेकवचन, मग मालक आणि सर्वांत शेवटी विभक्ती. विभक्त्या प्रथमा धरून सहा. तृतीयेचे काम 'इले' हे शब्दयोगी अव्यय करते आणि संबोधनाला निराळे रूप नाही. घोकंपट्टी करून आठ विभक्त्या पाठ केलेल्या आमच्या पिढीला हे ओझे हलकेच वाटेल. नवे आहे ते मालकाचे आसन. मराठीत 'आमच्या' हा शब्द घराबाहेर उभा असतो. तुर्कीत मालक घराच्या आत, विभक्तीच्याही अलीकडे, नामाला चिकटून बसतो.

दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. मराठीत रामाचा घोडा, रामाची गाय, रामाचे घर. मालक एकच, पण त्याचा प्रत्यय मालमत्तेच्या लिंगाप्रमाणे वाकतो. तुर्कीत लिंग मुळीच नाही. तेथे मालमत्ता मालकाच्या पुरुषाप्रमाणे वाकते : 'एविम' माझे घर, 'एविन' तुझे घर, 'एवि' त्याचे किंवा तिचे घर. मालक नाम असेल तर त्यालाही षष्ठी लागते आणि मालमत्तेलाही खूण राहते. 'एविन कापिसि' म्हणजे घराचे दार. अक्षरशः 'घराचे दार-त्याचे'. दोघांनी एकाच दोरीची दोन टोके धरलेली. म्हणूनच तेथील व्याकरणात षष्ठी ही विभक्तींच्या कोष्टकात येते आणि मालकीच्या प्रत्ययांचे कोष्टक वेगळे असते. पाणिनीने षष्ठीला कारकांत स्थान दिले नाही, हे येथे आठवावे. संबंध ही क्रियेची बाब नव्हे, दोन नामांमधली बाब आहे, हे तुर्कीने दोन कोष्टके करून मान्य केले आहे.

या पद्धतीत गोंधळ नाही असे मात्र नाही. 'एविन' म्हणजे 'तुझे घर' आणि 'घराचे' असे दोन्ही अर्थ होतात. 'एविन्दे' म्हणजे 'तुझ्या घरात' किंवा 'त्याच्या घरात' किंवा 'तिच्या घरात'. 'एवलेरि' हे रूप तर एका वेळी 'त्याची घरे', 'त्यांचे घर', 'त्यांची घरे' आणि 'घरांना' असे चार अर्थ खिशात घेऊन फिरते. संदर्भाने अर्थ लागतो, पण भाषांतरकाराला प्रत्येक वेळी न्यायाधीशाचे काम करावे लागते.

आता नावांकडे वळू. पामुक यांच्या २००८ सालच्या कादंबरीचे नाव 'मासुमियेत म्यूझेसि'. मासुमियेत हा शब्द 'मासूम' ओळखणाऱ्या आपल्या वाचकांना समजावून सांगावयास नको. म्यूझे म्हणजे संग्रहालय आणि शेवटचा 'सि' म्हणजे 'त्याचे'. येथे पहिल्या शब्दाला षष्ठी नाही, हे लक्षात घ्यावे. 'कादिन चान्तासि' म्हणजे बायकी पिशवी, बायका वापरतात त्या प्रकारची. 'कादिनिन चान्तासि' म्हणजे त्या विवक्षित बाईची पिशवी. आपल्याकडे हाच भेद समासाने साधतो. राजवाडा वेगळा आणि राजाचा वाडा वेगळा. इंदूरच्या राजवाड्यावर भाजी आणावयास जाणाऱ्याच्या मनात कोणताही राजा नसतो. मात्र मराठीत समास झाला की खूण पुसली जाते. तुर्कीत ती दुसऱ्या पदावर राहते. 'राजवाडा' तुर्की वळणाने घडवला तर तो 'राज-वाडा-त्याचा' होईल.

'म्यूझियम ऑफ इनोसन्स' या इंग्रजी नावात हे दिसत नाही. कादंबरीचा नायक केमाल आपल्या प्रेयसीच्या, फ्यूसुनच्या, घरातून तिच्या हाताळलेल्या वस्तू उचलून आणतो. तिने ओढलेल्या सिगारेटींची थोटकेच ४,२१३ भरतात. वस्तू तिच्या, चोरी याची, जागा याची. मग संग्रहालय कोणाचे? नावातला 'सि' उत्तर देतो की दोघांचेही नाही. ते निरागसता नावाच्या एका जातीचे संग्रहालय आहे, जसे नाण्यांचे असते किंवा शस्त्रांचे असते. साऱ्या पुस्तकभर मालकीसाठी झुरणाऱ्या माणसाला शीर्षकात मालकी मिळत नाही. लेखकाने २०१२ साली इस्तंबुलात याच नावाचे खरेखुरे संग्रहालय उघडले, तेव्हा दारावर हाच प्रत्यय लागला.

याच्या अगदी उलट प्रकार 'बेनिम आदिम किर्मिझि' या १९९८ सालच्या कादंबरीचा. 'आद' म्हणजे नाव, 'आदिम' म्हणजे माझे नाव. तेवढ्याने काम भागले असते. पण अगोदर 'बेनिम', म्हणजे 'माझे', हे सर्वनामही आहे. म्हणजे 'माझे नाव-माझे किरमिजी'. इंग्रजीत 'माय' एकदाच येते. ही कथा १५९१ सालच्या इस्तंबुलातील दरबारी चित्रकारांची आहे. चित्रकाराने चित्राखाली सही करावी काय, त्याला स्वतःची अशी शैली असावी काय, हा तिच्यातला वाद. जुन्या परंपरेच्या दृष्टीने शैली म्हणजे दोष, हात चुकल्याची निशाणी. 'माझे' म्हणणे हाच जेथे अपराध आहे आणि ज्या वादापायी खून पडतात, त्या कादंबरीच्या नावात 'माझे' दोनदा उमटले आहे. प्रेत, कुत्रे, झाड, नाणे आणि खुद्द तो रंगसुद्धा पुढे येऊन 'मी' म्हणतो. साधा तुर्की माणूस आपली ओळख करून देताना 'बेनिम आदिम' असेच म्हणतो, तेव्हा आमचा अर्थ कोणास ओढूनताणून आणलेला वाटल्यास आमची तक्रार नाही. पण किर्मिझि हा शब्द आणि आपला किरमिजी हा शब्द एकच आहे, याबद्दल दुमत नसावे. मराठी भाषांतरकाराने 'रेड'वरून 'लाल' केले तर हाती आलेला दागिना गहाण टाकून पितळ घेतल्यासारखे होईल.

१५९१ हे साल हैदराबादकरांना परके नाही. त्याच वर्षी मुहम्मद कुली कुतुबशाहाने हे शहर वसवले. त्याच्या नावातला 'कुली' पाहावा. 'कुल' हा तुर्की शब्द, अर्थ दास, आणि 'इ' हा मालकीचा प्रत्यय. मुहम्मद कुली म्हणजे 'मुहम्मदाचा दास'. घडण नेमकी 'मासुमियेत म्यूझेसि'ची : पहिल्या पदाला षष्ठी नाही, दुसऱ्याला खूण आहे. घराण्याचा संस्थापक सुलतान कुली हा काराकोयुनलू तुर्कमान वंशातला, त्यामुळे नाव अशा घडणीचे असण्यात नवल नाही. (रेल्वे स्थानकावरील कुलीशी या शब्दाचा संबंध जोडण्याबाबत कोशकारांत एकमत नाही.) चारशे वर्षे आपण हे नाव उच्चारतो आणि त्यात एक षष्ठी तत्पुरुष दडलेला आहे हे आपल्या गावी नसते.

'बेगम' हा शब्दही तसाच. 'बेग' म्हणजे सरदार, आणि त्यापुढचा 'म' हा प्रथमपुरुषी मालकीचा प्रत्यय असल्याचे सांगितले जाते. म्हणजे 'माझा स्वामी'. 'खानम'ची उपपत्तीही साधारण अशीच देतात. ('जानम'मधला 'म' मात्र फारसी, त्याला या पंगतीत बसवू नये.) आज कोणी 'माझी बेगम' म्हणतो तेव्हा तो 'माझी' दोनदा म्हणत असतो. पण तुर्की 'म' केव्हाच निष्प्राण झालेला असल्यामुळे त्याला मराठी 'माझी'ची गरज पडते. प्रत्यय परमुलखात जातो तो असा. शब्दाच्या अंगात मुरून, आपले काम विसरून.

तिसरे नाव आहे आहमेत हामदि तानपिनार यांच्या कादंबरीचे : 'साआतलेरि आयारलामा एन्स्तित्यूस्यु'. १९५४ साली ती क्रमशः आली आणि १९६१ साली पुस्तकरूपाने. 'घड्याळे लावण्याची संस्था' असा अर्थ. देशातील सर्व घड्याळे बरोबर एकच वेळ दाखवतील हे पाहण्यासाठी एक संस्था निघते. मागेपुढे चालणाऱ्या घड्याळांना दंड होतो, दंडात सवलती मिळतात, शाखा वाढतात, नातेवाईक नोकरीला लागतात. शासकीय कचेरीत ज्याने तीस वर्षे काढली आहेत त्याला ही कादंबरी वाचताना हसू येते आणि मग घटकाभर येत नाही. येथे पाहावयाचा आहे तो 'साआतलेरि'मधला शेवटचा 'इ'. तो द्वितीयेचा आहे. तुर्कीत कर्म अनिश्चित असले तर त्याला प्रत्यय लागत नाही, निश्चित असले तरच लागतो. 'किताप ओकुदुम' म्हणजे पुस्तक वाचले, कोणते तरी. 'किताबि ओकुदुम' म्हणजे ते पुस्तक वाचले. मराठीत सजीव कर्माबाबत असेच काहीसे होते. 'आम्ही नोकर शोधत आहोत' म्हणजे कोणी मिळाला तर हवा आहे. 'नोकराला शोधत आहोत' म्हणजे तो चमचे घेऊन पळाला आहे.

'साआत आयारलामा' असे प्रत्ययाविना म्हटले असते तर तो एक धंदा झाला असता, घड्याळे लावून देण्याचा. 'साआतलेरि' म्हटल्याने ती सर्व घड्याळे, तुमची-आमची, मनगटावरची आणि चौकातली, संस्थेच्या अधिकारात आली. एका स्वराने साऱ्या नगराची वेळ सरकारजमा केली. इंग्रजीतले 'टाइम रेग्युलेशन इन्स्टिट्यूट' हे नाव रुबाबदार आहे, पण त्यात घड्याळे उरली नाहीत आणि तो हावरट 'इ'ही उरला नाही. या संस्थेच्या जनकाचे आडनाव 'आयारजि' आहे, हेही गमतीचे. 'आयार' म्हणजे मेळ बसवणे, आणि 'जि' म्हणजे ते काम करणारा. हाच तो आपला तोपची आणि मशालची यांच्यातला 'ची'. मराठीतल्या षष्ठीच्या 'ची'शी त्याचे काही नाते नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की तुर्कीत अरबी-फारसी शब्दांचीच गर्दी दिसते. मग तुर्कीपण ते काय? नाझिमच्या ग्रंथनामातील मेमलेकेत, इन्सान आणि मान्झारा हे तिन्ही शब्द मुळात अरबी आहेत. तुर्की आहेत ते फक्त इम, देन, लार आणि इ. तरीही ते नाव नखशिखांत तुर्की आहे. १९२८ साली लिपी बदलली, १९३२ साली भाषासंस्था स्थापन झाली आणि परकीय शब्द काढून टाकण्याची मोहीम निघाली. शाळेला 'मेक्तेप' म्हणत, म्हणजे आपला मकतब. त्याचे 'ओकुल' झाले. आपल्याकडे शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला त्याच जातीचा हा उद्योग, फक्त फार मोठ्या प्रमाणावरचा. शब्दांच्या बाबतीत मोहीम अर्धीमुर्धी यशस्वी झाली. जे खरोखर हद्दपार झाले ते फारसी जोडकाम. उस्मानी दप्तरात 'दौलत-इ-अमुक' अशी फारसी इजाफत चाले, जिच्यात मालक मागे आणि मालमत्ता पुढे असते. हैदराबादच्या जुन्या कागदपत्रांत आपण तीच पाहतो. नव्या तुर्कीत काही ठरीव शब्दप्रयोग सोडले तर ती उरली नाही. परका शब्द घरात राहिला तर चालतो; परका प्रत्यय राहू लागला की घर दुसऱ्याचे होते, हे त्या लोकांनी ओळखले.

याचा पडताळा आम्हांस महसुली दप्तरात नेहमी येई. तेलंगणात जमिनीच्या पाहणीच्या नोंदीला निजामी अमलापासून 'पहाणी' म्हणत आले. शब्द उघड मराठी. पण तेलुगू शेतकरी 'पहाणीलो' म्हणतो, आणि त्या 'लो'ने शब्द तेलुगू होऊन जातो. त्याचे आम्हांस कधी वैषम्य वाटले नाही. वैषम्य वाटते ते घरात. नातवंडांच्या तोंडी वरण आहे, तूप आहे, आजी आहे, डबा आहे. पण 'वरणमें तूप' आणि 'आजीका डबा' आहे. 'आंब्याचा रस' न म्हणता 'आंबाचा रस' म्हटले जाते. सामान्यरूप आधी जाते, प्रत्यय मागून जातो. इंग्रजी शब्द फार शिरले अशी ओरड आपल्या मंडळांतून चाळीस वर्षे चालू आहे. 'स्टेशनवर', 'फ्रिजमध्ये' म्हणणारे मूल मराठीच बोलते आहे, हे आम्ही त्या वेळी ध्यानी घेतले नाही. आम्ही नामांवर पहारा ठेवला आणि चोर शेपटाकडून आला. प्रत्यय सर्वस्वी एका जागी खिळलेले असतात असेही नव्हे. दखनीने 'ऐसाइच' म्हणताना आपला 'च' उचलला आहेच. पण तो विभक्तीचा प्रत्यय नव्हे. विभक्ती हातची गेली ती परत आल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

पुन्हा नाझिमकडे येतो. मेमलेकेत हा शब्द अरबी 'म-ल-क' या धातूचा. आपले मालक आणि मुलूख हे दोन्ही त्याच कुळातले. तुर्कीत त्याचा अर्थ देश, आणि त्याबरोबरच मूळ गाव. इस्तंबुलात जन्मलेल्या माणसालाही 'तुझे मेमलेकेत कोणते?' असे विचारतात आणि तो आजोबांच्या गावाचे नाव सांगतो. आपल्याकडच्या 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला चार-पाच पिढ्यांनंतरही सातारा किंवा राजापूर असे उत्तर देणाऱ्यांना याचे भाषांतर करून सांगावे लागणार नाही. कवीचा स्वतःचा जन्म १९०२ साली सालोनिकाला झाला. ते गाव पुढे ग्रीसमध्ये गेले. १९३८ पासून तो तुरुंगात होता, १९५० साली सुटला, १९५१ साली देश सोडून गेला आणि त्याच वर्षी त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९६३ साली तो मॉस्कोत वारला. काव्य त्याच्या देशात पुस्तकरूपाने निघाले ते १९६६-६७ साली, त्याच्या पश्चात. नागरिकत्व परत मिळाले २००९ साली. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत 'मेमलेकेतिम'मधला 'इम' काढून घेण्याचा अधिकार मात्र कोणत्याही कचेरीला नव्हता. तुर्कीत 'असणे' या अर्थी मालकीचे क्रियापद नाही. 'एविम वार' म्हणजे 'माझे घर आहे' आणि 'एविम योक' म्हणजे 'माझे घर नाही'. घर नसले तरी नसलेल्या घरावर 'माझे'ची खूण असतेच.

आणि 'देन'. तो पंचमीचा, 'तून', 'पासून'. पामुक यांच्या २०१४ सालच्या 'काफामदा बिर तुहाफलिक' या कादंबरीत हाच मालक वेगळ्या विभक्तीत येतो. काफा म्हणजे डोके, 'म' माझे, 'दा' सप्तमी : 'माझ्या डोक्यात एक चमत्कारिकपणा'. नायक मेवलुत १९६९ साली कोन्याकडच्या खेड्यातून इस्तंबुलात येतो आणि रस्तोरस्ती बोझा नावाचे आंबवलेले पेय विकत फिरतो. हे शब्द मुळात वर्ड्सवर्थच्या 'प्रिल्यूड'मधून घेतलेले, म्हणून इंग्रजी नाव 'माइंड' असेच झाले. तुर्कीत मात्र बोलीतले, रांगडे 'डोके' आहे. गाव सोडलेल्या फेरीवाल्याच्या पदरी 'माझे' म्हणावे असे जे उरते ते डोक्यात, सप्तमीत. कवी तुरुंगात बसून देश पाहतो आहे, त्याची पंचमी.

तेव्हा मराठीत नाझिमच्या ग्रंथाचे नाव काय करावे? 'माझ्या मुलखातली माणसे' हे कानाला गोड लागते, पण त्यात पंचमी जाते आणि दृश्येही जातात. 'माझ्या मुलखातून : माणसांची दृश्ये' हे ओबडधोबड असले तरी आम्हांस पसंत आहे, मुलूख शब्दाने धातूही राखला जातो. काव्याच्या आत याहून अवघड प्रसंग आहेत. तुर्कीत 'एविमिझ' म्हटले की झाले. त्यात ऐकणारा धरला आहे की वगळला आहे, हे सांगण्याची सोय त्या प्रत्ययात नाही. मराठीत 'आमचे घर' की 'आपले घर', हे ठरवल्याशिवाय पुढचा शब्द लिहिता येत नाही. इंग्रजीतून येणाऱ्या भाषांतरकारालाही 'अवर'पाशी हाच प्रश्न पडेल, पण त्याच्यापुढे मूळ वाक्याचा नाद नसेल. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात एक कैदी दुसऱ्याला घराविषयी सांगतो आहे, अशी कल्पना करावी. तो 'आमचे' म्हणेल की 'आपले'? आम्ही 'आपले' लिहू. पण शेजारी बेड्यांची किल्ली घेऊन शिपाई बसलेला आहे आणि तोही ऐकतो आहे.